पासवर्ड फळ्यावर आहे

मावळातल्या पावसाळ्यात शाळेच्या संगणकाइतकी सुरक्षित वस्तू दुसरी नाही. जूनची पहिली सर आली की त्याच्यावर प्लॅस्टिक चढतं, प्लॅस्टिकवर जुनी चादर पडते, लॅबच्या दाराला कुलूप लागतं आणि किल्ली शिपाईमामांच्या करदोट्याला जाते. हॅकर रशियातला असो की चीनमधला, या संगणकापर्यंत पोचायचं तर त्याला आधी पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरावं लागेल. भाजे लेण्यांकडे निघालेल्या गर्दीतून वाट काढावी लागेल, चिखल तुडवत शाळा गाठावी लागेल. एवढं करून तो दाराशी आलाच, तर मामा त्याला विचारतील, "हेडसरांची चिठ्ठी हाय का?" आजवर एकही हॅकर इथवर आलेला नाही. विद्यार्थीही फारसे आलेले नाहीत, पण तो वेगळा विषय.

वेगळा म्हणजे अगदीच वेगळा नाही. मी याच पट्ट्यातल्या एका अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून आहे. शाळेचं नाव सांगत नाही, कारण आमच्या संगणक कक्षाच्या नियमावलीत सहावा नियमच तसा आहे, आणि वाचक झाले तरी अनोळखीच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार अशा समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात. सभेचा चहा कोणी करायचा हे मात्र कायद्यात नाही. त्यामुळे सभेची सुरुवात त्याच विषयाने होते.

तर एका सभेत चहानंतरचा विषय होता, 'विद्यार्थ्यांकडून संगणक व इंटरनेटचा सुरक्षित आणि जबाबदार वापर'. वरून परिपत्रक आलं होतं. नियमावली नव्याने करायची होती. "आहे ती काय वाईट आहे?" अध्यक्ष म्हणाले, आणि आम्ही सगळे उठून लॅबच्या दाराशी जाऊन आहे ती बघू लागलो.

पिवळ्या पत्र्यावर काळ्या अक्षरांत ती अशी आहे: १. पादत्राणे बाहेर काढावीत. २. परवानगीशिवाय संगणकास हात लावू नये. ३. संगणकाचा वापर फक्त शैक्षणिक कामासाठी करावा. ४. गेम खेळू नये. ५. पासवर्ड कोणास सांगू नये. ६. अनोळखी व्यक्तीस आपले नाव, शाळा व पत्ता देऊ नये. ७. अफवा पसरवू नये. आणि तळाशी, 'आदेशावरून'. आदेश कोणाचा, हे आता रंगवणाऱ्यालाही आठवत नाही.

यातला पहिला नियम सगळे पाळतात. व्हायरस चपलेतून येतो अशी शाळाशाळांतून जुनी श्रद्धा आहे. स्नेहसंमेलनाचे फोटो घेऊन आलेल्या पेनड्राइव्हला मात्र कोणी दाराबाहेर काढून ठेवत नाही.

या लॅब आल्या कुठून, तेही सांगायला हवं. डिसेंबर २००४ मध्ये केंद्र सरकारने 'आयसीटी ॲट स्कूल' ही योजना आणली. महाराष्ट्रात तिचं सूत्र असं, की कंपनीने शाळेत लॅब उभारायची, शिकवायला माणूस द्यायचा, पाच वर्षं चालवायची आणि मग सगळं शाळेच्या हवाली करून निघून जायचं. पाच वर्षं संपली. संगणक शाळेचे झाले, ते शिकवणारे सर कोणाचेच झाले नाहीत. त्यानंतर कित्येक शाळांत लॅबची जबाबदारी 'ज्याला त्यातलं कळतं' त्याच्याकडे गेली. म्हणजे बहुधा गणिताच्या सरांकडे, कारण त्यांच्याकडे कॅल्क्युलेटर होता. त्या सरांनी यंत्रं जपण्याचा खात्रीचा मार्ग शोधला. तो म्हणजे कुलूप. "कुलूप हाय म्हून मशिनी हायेत," हे मामांचं वाक्य खोटं नाही. मशिनी आहेत. त्यांतल्या काहींचा कारखान्यातला वाससुद्धा अजून गेलेला नाही.

तर सभासदांनी एकेक नियम चर्चेला घेतला. पाचव्यावर, म्हणजे पासवर्डवर, सगळ्यांचं पटकन एकमत झालं. पासवर्ड गुप्तच असला पाहिजे. तो खरोखर गुप्त आहे ना हे बघायला आम्ही दार उघडून आत गेलो, तर तो समोर फळ्यावर होता. खडूने, ठळक, खाली दोन रेघा मारून, आणि शेजारी चौकटीत, 'पुसू नये'. शाळेचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. हेडसर म्हणाले, "मुलं सारखी विचारायची. एकदाच लिहून टाकला." जगात सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या पासवर्डांच्या याद्या दरवर्षी निघतात आणि त्यात एकपासून सहापर्यंतचे आकडे वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकाच्या आसपास असतात. आमच्या शाळेने निदान तीनवरच थांबून वेगळेपण राखलं आहे.

लॅबनंतर आम्ही ऑफिसात डोकावलो. तिथल्या संगणकाच्या कडेने पिवळ्या चिठ्ठ्यांची महिरप होती. विद्यार्थ्यांच्या माहितीचं पोर्टल, शिष्यवृत्तीचं पोर्टल, पोषण आहाराचं पोर्टल, पगाराचं पोर्टल, आणि प्रत्येकाचा पासवर्ड सुवाच्य अक्षरात. "मुलांपासून सांभाळा बरं का," असं त्या टेबलापलीकडून आम्हालाच सांगण्यात आलं.

पासवर्ड कसा असावा, हे शेवटी सातवीतल्या एका मुलीने सांगितलं. ती खडू मागायला आली होती आणि चर्चा ऐकून दारातच थांबली होती. "लांब पाहिजे. आणि आपल्याला आठवला पाहिजे. लोकलची स्टेशनं घ्यायची, पण ओळीने नाही. बेगडेवाडी, कान्हे, दापोडी, आणि मधे काहीतरी आकडा." हे अगदी बरोबर आहे. सुरक्षेतली जाणती माणसंही आता चिन्हांच्या कसरतीपेक्षा लांबलचक, असंबद्ध शब्दांची माळ बरी म्हणतात. अध्यक्ष एवढे खूश झाले, की त्यांनी तिथल्या तिथे तोच पासवर्ड मंजूर केला आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी माइकवरून सगळ्या शाळेला सांगितला.

सहावा नियम, अनोळखी माणसाचा. आमच्या मुलांना अनोळखी माणसं नवीन नाहीत. शनिवार-रविवारी मळवलीत ओळखीची माणसं कमी आणि अनोळखी जास्त असतात. लोहगड, विसापूर, भाजे, कार्ला, एकवीरा, आणि पावसात प्रत्येक धबधबा. यांतल्या काही पाहुण्यांनी आमच्या मुलांना इंटरनेटच्या सुरक्षेचं जे शिक्षण दिलं, ते कुठल्याही पुस्तकात नाही. एखादी गाडी थांबते, काच खाली होते आणि मोबाइल पुढे येतो. "बेटा, हा बंगला कुठे आहे?" पडद्यावर पोहण्याचा तलाव, झुलती खुर्ची आणि मागे चक्क समुद्र. मुलगा नम्रपणे सांगतो, "काका, मळवलीला समुद्र नाही." गाडीत शांतता पसरते. आगाऊ रक्कम गेलेली असते, फोन बंद असतो. लोणावळ्याच्या परिसरात नसलेल्या बंगल्यांचं बुकिंग घेऊन लोकांना गंडवल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. आमची मुलं त्या छापून यायच्या आधी बघतात. गंडलेली माणसं शिकलेली असतात, मोठ्या पगाराची असतात, आणि घरून निघताना 'फीलिंग एक्सायटेड, चार दिवस घराला कुलूप' असं लिहून चोरांचीही सोय करून आलेली असतात.

आणि आपण गावची माणसं तरी काय वेगळं करतो? मुलीने इन्स्टाग्रामवर स्वतःचा फोटो टाकला की आई कपाळाला हात लावते. "जगाला कशाला दाखवायचं?" त्याच मुलीच्या धाकट्या भावाच्या वाढदिवसाला जुन्या हायवेच्या फाट्यावर पंधरा फुटी फ्लेक्स लागतो. त्यावर गॉगल घातलेला फोटो, पूर्ण नाव, गावाचं नाव, जन्मतारीख, 'भावी सरपंच' ही पदवी, आणि शुभेच्छुक काकांचा मोबाइल नंबर. शाळाही मागे नाही. शिष्यवृत्तीत मूल चमकलं की फोटो, नाव, इयत्ता, तुकडी, बैठक क्रमांक, सगळं पालकांच्या ग्रुपवर, तिथून गावाच्या ग्रुपवर, आणि तिथून तालुक्याच्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्याची माहिती वापरायची तर आईवडिलांची पडताळलेली संमती हवी म्हटलं आहे. कायदा करणाऱ्यांनी आईवडिलांना सावध मानलं, ही त्यांची सदिच्छा.

वयाचं तर विचारूच नका. इन्स्टाग्रामवर खातं काढायला तेरा वर्षं पूर्ण लागतात. आमच्या सहावीच्या वर्गात हजेरीपटावर सगळी अकरा-बारा वर्षांची आहेत आणि इन्स्टाग्रामवर पंचविशीची. एक तर छत्तीस वर्षांचा आहे. जन्मसालाचं चाक बोटाने फिरवताना ते जरा जोरात फिरलं, असं तो म्हणतो. त्याच्या पडद्यावर आता गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिराती येतात. त्या तो आजीला दाखवतो.

तिसरा नियम 'फक्त शैक्षणिक कामासाठी'. या नियमाचा भंग कोणी करत नाही, अडचण उलटीच आहे. आता शैक्षणिक काम यंत्रच करून देतं. मराठीच्या बाईंनी 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध दिला होता. बऱ्याच वह्यांत तो सारखाच निघाला. पाऊस हलकेच रिमझिमत होता, मातीचा सुगंध दरवळत होता, आजोबा अंगणात कागदी होड्या करून देत होते. बाईंनी चोरी पकडायला कुठलंही सॉफ्टवेअर वापरलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "अरे, मावळात जुलैत पाऊस रिमझिमतो?" जुलैत इथे पाऊस कोसळतो, आडवा येतो, छत्री उलटी करतो, पुस्तकं फुगवतो आणि भात लावणाऱ्यांच्या पाठीवर दिवसभर वाजत राहतो. कागदी होडी अंगणात सोडली तर ती इंद्रायणीला लागेल. एका मुलाने मात्र लिहिलं होतं, की पाऊस इतका पडला की आमचं रेशनकार्ड भिजलं आणि आईने ते तव्यावर शेकलं. त्याला पैकीच्या पैकी मिळाले.

चौथा नियम, गेम. त्यावर सभेत काहीही चर्चा झाली नाही, कारण तेव्हा अध्यक्ष मोबाइलवर कँडी फोडत होते.

या सगळ्या चर्चेत एका गोष्टीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, आणि ती म्हणजे लॅबची मांडणी. आपल्याकडच्या लॅबमध्ये मुलं ओळीने बसतात आणि शिक्षक समोर. शिक्षकांना दिसतात ती मुलांची निरागस तोंडं आणि मॉनिटरच्या पाठी. मुलं काय बघताहेत हे मागच्या भिंतीवरच्या लोकमान्यांना दिसतं, पण ते सांगत नाहीत. २६ जानेवारी १९९९ ला सुगत मित्रा या संशोधकांनी दिल्लीतल्या कालकाजीत याच्या बरोबर उलटं केलं होतं. आपल्या ऑफिसच्या कुंपणभिंतीला भोक पाडून त्यात संगणक बसवला आणि पलीकडच्या वस्तीतल्या मुलांसाठी मोकळा सोडला. शिकवायला कोणी नाही, कुलूप नाही, फलक नाही. मुलं घोळक्याने आली आणि एकमेकांना विचारत माउस चालवायला शिकली. पुढे असे संगणक आपल्या सिंधुदुर्गातही लागले. त्यातलं शिकण्यासारखं एक असं, की पडदा रस्त्याकडे तोंड करून होता. येणारा-जाणारा बघत होता, शेजारी चार मित्र उभे होते. उघड्यावर, चारचौघांत बसलेलं मूल सहसा भलत्या वाटेला जात नाही. त्यासाठी कुठलं फिल्टर विकत घ्यावं लागत नाही, टेबलं फिरवावी लागतात.

आता सातवा नियम. अफवा पसरवू नये. इथे मला विनोद सुचत नाही.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागत फिरणारे पाच जण. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश मोबाइलवरून गावोगाव हिंडत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. ते संदेश सहावीतल्या मुलांनी पाठवले नव्हते. मुलांच्या काळजीने ते मोठ्यांनी पाठवले होते. शाळेच्या भिंतीवरचा सातवा नियम मुलांच्या उंचीला लावला आहे. तो दोन-तीन फूट वर सरकवायला हवा.

सभेत मी 'असर'चा अहवाल नेला होता. ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणारा हा अहवाल दर काही काळाने येतो. २०२४ च्या पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या मुलांना त्यांनी मोबाइलबद्दल विचारलं. ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. इथे सभेत मोठा सुस्कारा सुटला. पण पुढचे आकडे कोणी ऐकत नाही. सोशल मीडिया वापरणाऱ्या या मुलांपैकी ६२ टक्क्यांना नको असलेलं खातं ब्लॉक कसं करायचं ते येत होतं, सुमारे ५८ टक्क्यांना पासवर्ड बदलता येत होता आणि ५५ टक्क्यांना आपलं खातं खाजगी करता येत होतं. म्हणजे जवळजवळ निम्म्यांना येत नव्हतं, हे खरंच. मी सभासदांना विचारलं, "आपल्यापैकी किती जणांना प्रोफाइल खाजगी करता येतं?" बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक सभासद म्हणाले, "खाजगी म्हणजे, विनाअनुदानित का?"

एक निवृत्त रेल्वेवाले आजोबा समितीवर आहेत. त्यांना महिन्यापूर्वी फोन आला होता. "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका." असली अटक कुठल्याही कायद्यात नाही. पण आजोबा शिस्तीचे, ते हलले नाहीत. त्यांची आठवीतली नात शाळेतून आली, तिने फोनमध्ये डोकावून खोट्या पोलिसाला विचारलं, "काका, तुमच्या मागची भिंत हलतेय. पडदा आहे का?" फोन कट झाला. आजोबांनी हा किस्सा सभेत अभिमानाने सांगितला आणि शेवटी म्हणाले, "म्हणून मी म्हणतो, मुलांना मोबाइल देऊच नये."

लिहिलेलं सहज पुसलं जात नाही, हे पोरांना सांगायला एक गोष्ट आमच्या उशालाच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ज्यांनी दान दिलं, त्यांची नावं दगडात कोरलेली आहेत. सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, सुतार आहे, धेनुकाकटहून आलेले यवन आहेत. वैजयंतीच्या भूतपाल शेठींनी तर हे लेणं जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे असं लिहून ठेवलं आहे, म्हणजे स्वतःच्याच कामाला पाचपैकी पाच तारे. पण एक ओळ कोरायला छिन्नी, हातोडी आणि कारागीर लागायचा. लिहायच्या आधी विचार करायला भरपूर वेळ मिळायचा. लोहगडावर मात्र घाई असते. तिथल्या चिऱ्यांवर बदाम आहेत, बाण आहेत, आद्याक्षरं आहेत. २०२५ च्या जुलैमध्ये लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आणि त्याच्यासोबत ही प्रेमंही गेली. त्यातल्या एखाद्या जोडीची लग्नं दरम्यान वेगवेगळ्या घरी झाली असतील, मुलं शाळेत जात असतील आणि शाळेची सहल लोहगडावर येत असेल. इंटरनेटवर लिहिणं दिसायला बोटाने पाण्यावर लिहिण्याइतकं हलकं, टिकायला मात्र लोहगडाच्या चिऱ्याचं. हे सहावीतल्या पोराला तिथेच उभं करून दाखवलं, तर व्याख्यानाची गरज पडत नाही.

मग नियमावलीचं काय झालं? तर या वर्षी शाळेत संगणकाच्या नव्या बाई आल्या आहेत. वयाने लहान, आवाजाने मोठ्या. त्या म्हणाल्या, "सर, मला दोन शनिवार आणि किल्ली द्या." दोन शनिवार लगेच मिळाले, किल्लीला मात्र वेळ लागला. मामांनी ती पावती घेऊन दिली.

बाईंनी टेबलं भिंतीला लावून पडदे दाराकडे फिरवले. प्रत्येक संगणकाजवळ एक वही ठेवली. कोण बसलं, कधी बसलं, कधी उठलं. प्रत्येकाला वेगळं खातं दिलं. लाईट गेली की जो वेळ मिळायचा, आणि तो मावळात भरपूर मिळतो, त्यात गप्पा मारल्या. कोणाला काय अनुभव आला, कोणाची भीती वाटली, घरी का सांगितलं नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जवळपास सगळ्यांचं एकच होतं. सांगितलं तर फोन काढून घेतात. हे ऐकल्यावर कुलूप हा सुरक्षेचा उपाय का नाही, हे बाईंना आम्हाला वेगळं समजावावं लागलं नाही. ज्या मुलाला बोलायचीच चोरी, त्याच्यावर संकट आलं तर ते कोणालाच कळणार नाही. मग बाईंनी मुलांनाच सांगितलं, की नियम तुम्ही लिहा. एका कागदावर, तुमच्या भाषेत. तो कागद आमच्यापुढे आला तो असा:

१. बसल्यावर आधी बघा, आधीच्याचं खातं उघडं राहिलंय का. असेल तर बंद करा. वाचू नका. थोडंसुद्धा नाही.

२. उठताना स्वतःचं बंद करा. नुसता पडदा काळा करणं म्हणजे लॉगआउट नाही.

३. पासवर्ड जिवलग मैत्रिणीला पण सांगू नका. मैत्री तुटते आणि पासवर्ड बदलायचा राहतो.

४. काही घाणेरडं किंवा भीतीदायक समोर आलं तर लगेच बाईंना सांगा. सांगणाऱ्याला ओरडू नये. (हा अर्धा नियम बाईंसाठी आहे.)

५. फोटो काढायच्या आधी विचारा. टाकायच्या आधी परत विचारा. शाळेने पण.

६. एआयला विचारलं तर चालेल, पण त्याने सांगितलेला पाऊस आपल्या गावात पडतो का ते बघा.

७. इन्स्टाग्रामवर आपण वय खोटं सांगतो. समोरचा पण सांगत असेल.

८. कोणी घाबरवून पैसे किंवा फोटो मागितले तर एकटं राहू नका. घरी सांगा. पैसे गेले तर १९३० ला फोन करा, मुलांना कसलाही त्रास असला तर १०९८ ला. मार पडणार नाही, हे घरच्यांनी आजच सांगून ठेवावं.

९. मोठ्या माणसांनी एकट्याने इंटरनेट वापरू नये. शेजारी एक मूल बसवावं.

नवव्या नियमावर समितीत वादळ होईल असं वाटलं होतं. पण आजोबांनी अनुमोदन दिलं आणि तो एकमताने मंजूर झाला. हेडसरांनी कागदाचा फोटो काढला आणि शाळेच्या ग्रुपवर टाकला. खाली मुलांची नावं असलेला भाग बाईंच्या सांगण्यावरून कापला, हे नव्या नियमाचं पहिलं यश.

फोटो संध्याकाळपर्यंत तालुक्यात पोचला. कोणीतरी तो हौसेने टाइप केला, 'अप्रतिम, नक्की वाचा आणि पुढे पाठवा' असं वर जोडलं, आणि नावं कापलेली असल्यामुळे खाली लेखकाची जागा मोकळी राहिली होती ती भरून टाकली. आठवडाभरात तो माझ्या बहिणीकडून, सोलापूरमार्गे, परत माझ्याच फोनवर आला. खाली ठळक अक्षरांत होतं: 'पु. ल. देशपांडे'.

मी तो शाळेच्या ग्रुपवर टाकला. थोड्या वेळाने त्या खडूवाल्या मुलीच्या आईच्या नंबरवरून उत्तर आलं. लिहिणारी आई नव्हती, हे पहिल्याच ओळीत कळत होतं. "सर, पु. ल. २००० साली वारले. इन्स्टाग्राम २०१० साली आलं. सातवा नियम त्यांनी कसा लिहिला?"

त्या उत्तराखाली एका पालकांनी हात जोडलेली चित्रं टाकली होती, आणि लिहिलं होतं, "खरंच, किती पुढचं बघायचा हा माणूस!"